'तो काळच तसा होता'

श्रोतेहो, नमस्कार. पूर्वीच्या माणसांच्या दोषांचा विषय निघाला की 'तो काळच तसा होता' असे म्हणून आपण मोकळे होतो. हे वाक्य कानावर पडले की मला बेंजामिन ले आठवतात.

वर्ष १७३८. अमेरिकेत बर्लिंग्टन येथे क्वेकर या ख्रिस्ती पंथाची वार्षिक सभा भरली होती आणि तिथल्या कित्येक प्रतिष्ठितांच्या घरी गुलाम राबत होते. जेमतेम चार फूट उंचीचे, पाठीला कुबड असलेले ले उभे राहिले. माणसाला गुलाम करण्याएवढे मोठे पाप नाही, असे ठणकावून त्यांनी अंगावरचा झगा बाजूला सारला. आत सैनिकी कोट होता, कमरेला तलवार होती. आणि हा पंथ तर शस्त्राला शिवतही नाही! हातातला जाड ग्रंथ उंच धरून त्यांनी त्यात तलवार खुपसली, तोच लाल धार उसळली आणि जवळ बसलेल्या गुलाममालकांच्या कपड्यांवर शिंतोडे उडाले. ग्रंथ आतून पोकरून त्यांनी रानफळांच्या तांबड्या रसाची पिशवी त्यात दडवली होती. सभेने त्यांना उचलून बाहेर नेले. त्यांनी अजिबात प्रतिकार केला नाही.

म्हणजे १७३८ मध्ये, पुन्हा सांगतो, १७३८ मध्ये, त्याच काळातला माणूस त्याच काळातल्या माणसांना हे पाप तोंडावर सांगत होता. शिवाय, जे गुलाम होते त्यांना हा अन्याय कळत नव्हता काय? 'तो काळ' म्हणताना आपण त्यांना त्या काळातून वगळतो, हे मला फार खुपते. शाळेत सनावळ्या पाठ करून घेतात, पण त्या सनात कोण कोणाशी कशावरून भांडत होते हे सांगत नाहीत, ही माझी जुनी तक्रार आहे.

म्हणून जुन्या माणसाला मोजताना आजची पट्टी नव्हे, त्याच्याच समकालीनांची पट्टी मी हाती घेतो आणि तो पुढे कोणत्या दिशेने सरकला तेही पाहतो. लेंचे गुलामगिरीविरोधी पुस्तक बेंजामिन फ्रँकलिन यांनी, म्हणजे पुढे अमेरिकेचे थोर नेते ठरलेल्या मुद्रकाने, छापले, पण मुद्रक म्हणून आपले नाव घातले नाही. त्यांच्या स्वतःच्या घरी गुलाम होते. तेच फ्रँकलिन १७८७ मध्ये पेनसिल्व्हेनियातील गुलामगिरीविरोधी संस्थेचे अध्यक्ष झाले. उशीर झाला, हे खरेच. तरीही ते सरकले.

आणि ती सभा? १७५८ मध्ये तिने गुलामांची खरेदी-विक्री करणाऱ्या सदस्यांवर कारवाई करण्याचे ठरवले. ही बातमी कळली तेव्हा थकलेले ले म्हणाले, आता मी सुखाने मरेन. पुढच्याच वर्षी ते गेले.