घाम येऊ देऊ नका

(जमिनीवर मांडलेलं सामान)

हिवाळ्यातल्या डोंगरावर चढायला निघायचं आहे, अजून तासभर आहे. सॅक मुद्दामच भरलेली नाही. आधी सगळं असं मांडायचं, एकदा नजरेखालून घालायचं आणि मग भरायचं. जाड डाऊन जॅकेट (पिसं भरलेलं) जाईल सर्वांत वर, कारण वाटेत थांबल्याबरोबर ते अंगावर चढलं पाहिजे.

हा आतला थर. अंगाला लागून बसणारा, लोकरीचा किंवा पॉलिएस्टरचा. सुती काही नको, साधं बनियनसुद्धा नको. सुती कापड घाम पितं आणि धरून ठेवतं, आणि पाणी हवेपेक्षा सुमारे २५ पट वेगाने अंगातली ऊब ओढून नेतं. हिवाळ्यातल्या डोंगरात खरी भीती ओलं होण्याची आहे. त्यावर फ्लीस, म्हणजे मऊ, उबदार मधला थर, आणि सर्वांत वर वारा-पाणी अडवणारं जॅकेट.

(बुटांच्या नाड्या)

ऊब हवी म्हणून दोन-दोन जाड मोजे कोंबले की बूट आवळतो, रक्त पोचत नाही आणि पाय उलट जास्तच गार पडतात. बोटं आत मोकळी हलली पाहिजेत.

(चढाचा पायथा)

आता नीट पाहा. पारा शून्याखाली आहे आणि चढायला निघालेल्या दोघींपैकी एक जण फ्लीस काढून सॅकमध्ये घालते आहे. बरोबर करते आहे. निघताना थोडी थंडी वाजलीच पाहिजे, कारण चढ लागला की काही मिनिटांत अंग तापतं.

(पाठीवरून निघणारी वाफ)

ही वाफ दिसली की वेग कमी करायचा. टोपी काढायची, गळ्याशी चेन उघडायची. सॅकच्या पट्ट्यांखाली हात घालून बघायचं, ओल लागते का. त्यासाठी दहा वेळा थांबावं लागलं तरी थांबायचं. सोबतचे खोळंबले तर खोळंबू देत.

बाटली उलटी ठेवली आहे, बूच खाली. पाणी वरून गोठत येतं. सुलटी ठेवली तर बूचच बर्फात अडकतं. नळीने प्यायची पिशवी इथे कामाची नाही, नळी आधी गोठते. हेडटॉर्चचे जादा सेल आणि फोन आतल्या खिशात, अंगाच्या उबेत.

(डोंगरधारेच्या अलीकडचा खडक)

या खडकापलीकडे वारा आहे. उणे १० अंशांत ताशी ३० किलोमीटरचा वारा लागला की उघड्या कातडीला उणे २० असल्यासारखं जाणवतं. म्हणून बाहेरचं जॅकेट इथेच, आडोशाला चढवायचं. धारेवर चेनशी झटापट करायला हातमोजे काढले, की बोटं गेलीच म्हणून समजा.

अंगातलं तापमान ३५ अंशांखाली गेलं की जीभ अडखळते, पाय लटपटतात, निर्णय चुकतात. सोबत्याकडे लक्ष ठेवा. ३० ते ४५ अंश कलाच्या बर्फाळ उतारांवर हिमस्खलनाचा अंदाज पाहिल्याशिवाय जायचं नाही, त्याची तयारी वेगळी.

(घड्याळ, मागे माथा)

परत फिरायची वेळ घरीच ठरली होती, घरी राहिलेल्यांना सांगितलीही होती: दुपारी एक. एक वाजला आहे, माथा अजून वर आहे. दोघी वळणार. उतरताना अंग चढासारखं तापत नाही, म्हणून वळण्याआधी बाहेरच्या जॅकेटच्या आत ते फ्लीस पुन्हा घालायचं, तेही आडोसा शोधून.