कानापुढचा सांधा

(दृश्य: जुलैची संध्याकाळ, दादर. शिवाजी पार्कचा कट्टा, नुकतीच एक सर येऊन गेली आहे. छत्रीखाली कोळशाची शेगडी, तडतडणारी कणसं.)

"कोवळं बघून दे रे, दाढ दुखतेय माझी."
"एकदम दुधाळ आहे, काकू. मसाला?"
"लाव. तिखट बेतानं."

निवेदन:

काकूंनी कणीस तोंडाशी नेलं आणि त्यांच्याही नकळत खालचा जबडा जरासा पुढे काढला. (दृश्य: क्लोजअप. हनुवटी, दात, लिंबाची फोड फिरवलेले दाणे.) एरवी तोंड मिटलं की खालचे पुढचे दात वरच्यांच्या किंचित मागे बसतात. दाणे खुडायचे तर दोन्ही धारा समोरासमोर यायला हव्यात. म्हणून अख्खा जबडा पुढे सरकतो.

जबडा सरकतो, हे बोटाला कळतंही. दोन्ही करंगळ्या कानात घाला, बोटाचा मऊ भाग पुढच्या बाजूला ठेवा आणि तोंड सावकाश उघडा. करंगळीपुढून काहीतरी निसटून पुढे गेलं ना? ते खालच्या जबड्याचं डोकं. मिटलंत की परत येतं.

कवटीच्या हाडाला, कानाच्या भोकाच्या अगदी पुढे, एक उथळ खळगा आहे. हे डोकं त्यात बसतं. खळग्याच्या पुढे हाडाचाच एक उंचवटा असतो. डोकं आणि खळगा यांच्यामध्ये एक चिवट चकती, मधोमध पातळ आणि कडांना जाड. या चकतीमुळे सांध्याचे दोन कप्पे होतात, पोटमाळा काढलेल्या चाळीतल्या खोलीसारखे. तोंड उघडताना पहिले दोन-अडीच सेंटिमीटर मुख्यतः खालच्या कप्प्यातलं काम, डोकं जागच्या जागी फिरतं. त्यापुढे वरचा कप्पा कामाला लागतो. डोकं चकतीला सोबत घेऊन उंचवट्यावरून खाली, पुढे घसरतं. पूर्ण आ वासलात तर ते उंचवट्याच्या टोकापाशी पोचलेलं असतं.

लोक याला बिजागरी म्हणून मोकळे होतात. दार उघडताना बिजागरीच चौकटीवरून पुढे चालू लागली, तर आपण सुताराला बोलावू. इथे तेच रोजचं काम. शिवाय हाड एक आणि सांधे दोन. डावा हलला की उजव्याला हलावंच लागतं.

(दृश्य: काकू चावतायत. गाल उजवीकडे फुगलेला.)

आता घास उजव्या दाढांवर आहे. उजवं डोकं जवळपास जागेवर फिरतंय आणि डावं पुढे, आतल्या बाजूला जाऊन परत येतंय. समोरून पाहिलं तर हनुवटी सरळ वरखाली होत नाही, थेंबासारखा आकार काढत फिरते. राणीच्या बागेत गेलात तर पिंजऱ्यांच्या पाट्या वाचण्याऐवजी जबडे बघा. वाघाचा सांधा आडव्या रुळासारखा, घट्ट बसलेला, त्यामुळे जबडा वरखाली चालतो, बाजूला फारसा नाही. हरीण रवंथ करताना जबडा आडवा फिरवतं. घरातला उंदीर कुरतडताना तो पुढे काढतो. आपल्याला हे तिन्ही थोडं थोडं जमतं.

हे हलवणारे मुख्य स्नायू चार, प्रत्येक बाजूला. दात आवळून कानशिलाला बोट लावा. टणक होतो तो टेम्पोरॅलिस, पंख्यासारखा पसरलेला. गालाच्या हाडाच्या कमानीखालून तो खाली उतरतो आणि जबड्याला धरतो. जेवताना आजोबांच्या चष्म्याच्या काड्या हलताना दिसतात, त्या यानेच. गालावर, जबड्याच्या कोपऱ्यापाशी टणक गाठ येते तो मॅसेटर. त्याच्याच समोर, जबड्याच्या आतून, मीडियल टेरिगॉइड. एक बाहेरून, एक आतून, आणि मध्ये जबड्याचा कोपरा झोळीत घातल्यासारखा. हे तिघे तोंड मिटणारे. चौथा, लॅटरल टेरिगॉइड, आत दडलेला. तो जबड्याचं डोकं पुढे ओढतो. काकूंनी मघाशी हनुवटी पुढे काढली ती याच्या जोरावर.

गालाचा स्नायू, बक्सिनेटर, या चौघांत धरत नाहीत. त्याची नसही वेगळी, चेहऱ्याची. पण घास दाढेवर ढकलत ठेवणारा तोच आणि जीभ. चेहऱ्याची ती नस लुळी पडली की चावता येतं, पण घास गालात साठून राहतो.

(दृश्य: एक जुना पितळी अडकित्ता.)

सुपारी अडकित्त्याच्या टोकाशी धरली तर कापत नाही. सांध्याकडे सरकवली की कट्. दाढाही सांध्याच्या जवळ, म्हणून अक्रोड आपण पुढच्या दातांनी फोडायला जात नाही.

सुपारीचं नाव निघालंच आहे. सुपारी आणि गुटखा वर्षानुवर्षं चघळणाऱ्यांच्या गालाचं आतलं अस्तर पांढुरकं, ताठ होत जातं. या आजाराचं एक सुरुवातीचं वर्णन १९५२ सालचं, केनियात राहणाऱ्या पाच भारतीय स्त्रियांचं. सांधा ठीक असतो, स्नायू ठीक असतात, पण तोंडच उघडत नाही. निरोगी माणसाच्या तोंडात स्वतःची तीन बोटं उभी मावतात. इथे दोन, मग एक. तोंडाच्या कर्करोगाचा धोकाही वाढतो. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे. फलाटाच्या कोपऱ्यांकडे पाहून तसं वाटत नाही.

उलटही होतं. सकाळच्या विरार लोकलमध्ये कुणी दणदणीत जांभई देतो आणि तोंड मिटतच नाही. डोकं उंचवट्याच्या पलीकडे गेलेलं, आणि घाबरून आवळलेले स्नायू त्याला तिथेच अडकवून ठेवतात. डॉक्टर अंगठे मागच्या दाढांवर टेकवून जबडा आधी खाली दाबतात, मग मागे ढकलतात. आधी खाली, कारण उंचवटा ओलांडायचा असतो. घरी कुणी हा प्रयोग करू नये. नुसती टक्-टक् मात्र वेगळी. चकती जराशी पुढे सरकलेली असते, डोकं उडी मारून तिच्यावर चढतं. दुखत नसेल आणि तोंड नीट उघडत असेल, तर बहुतेक वेळा काही करावं लागत नाही.

(दृश्य: काकूंचं कणीस संपत आलंय. ध्वनी: दाणे चावल्याचा कुरकुर आवाज, मोठा.)

हा आवाज काकूंना आपल्यापेक्षा मोठा ऐकू येतोय, हाडांतून. कानाच्या आत हातोडी आणि ऐरण नावाची दोन इवली हाडं आहेत. सरड्याच्या जबड्याचा सांधा ज्या दोन हाडांचा असतो, तीच ही. आपल्या फार जुन्या पूर्वजांमध्ये ती जबड्यातच होती. सस्तन प्राणी घडताना खालचा जबडा कवटीला नव्या जागी टेकला आणि जुना सांधा कानात गेला.

"कसं होतं, काकू?"
"होतं कोवळं. अजून एक दे, बांधून. घरी हे वाट बघतायत."