डब्यावरचे वय आणि घशाचे माप

श्रोतेहो, नमस्कार.

डिसेंबरचा तिसरा आठवडा लागला की आपल्या नाशिकच्या मेन रोडवर आणि कॉलेज रोडवर कागदी चांदण्या आणि लाल टोप्या लटकू लागतात आणि आमच्या शरणपूर भागात संध्याकाळी घराघरांतून करंज्यांच्या तळणाचा वास येऊ लागतो. करंज्या विकत आणण्याची जी नवी रीत पडली आहे, तिच्याविषयी मला काय वाटते हे सांगण्याची ही वेळ नव्हे. निदान सारण तरी घरचे असावे, एवढेच म्हणते. आजचा आपला विषय आहे नाताळची भेट, आणि तीही एक ते तीन वर्षांच्या मुलासाठी. या वयाला भेट देणे सगळ्यांत सोपे वाटते, कारण ते मूल तक्रार करत नाही. आणि नेमके त्यामुळेच आपण त्याच्यासाठी न घेता स्वतःच्या हौसेसाठी घेऊन येतो.

खेळण्याच्या डब्यावर ‘तीन वर्षांवरील मुलांसाठी’ असे छापलेले असते, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. दुकानात उभ्या असलेल्या आजी-आजोबांना मी अनेकदा म्हणताना ऐकले आहे, ‘अहो, आमचा दीड वर्षाचाच आहे, पण फार हुशार आहे, त्याला जमेल.’ श्रोतेहो, डब्यावरचे ते वय बुद्धीचे माप नाही. ते घशाचे माप आहे. लहान मुलांच्या खेळण्यांची तपासणी करताना 31.7 मिलिमीटर व्यासाची एक आखूड नळी वापरतात. खेळण्याचा सुटा भाग किंवा निखळलेला तुकडा तिच्यात पूर्ण मावला, तर ते खेळणे तीन वर्षांखालील मुलासाठी नाही असे ठरते. ही नळी दहा रुपयांच्या नाण्यापेक्षा जेमतेम पाच मिलिमीटरने रुंद असते. ज्यांच्या कपाटात जुन्या कॅमेऱ्याच्या रोलची काळी डबी अजून पडून असेल, त्यांना घरच्या घरी असाच अंदाज घेता येईल, कारण तिचे तोंड साधारण तेवढेच असते. पुन्हा सांगते, मूल कितीही हुशार असले तरी त्याचा घसा दीड वर्षाचाच असतो.

हे मी इतक्या ठामपणे सांगते, त्याला चार वर्षांपूर्वीची 24 डिसेंबरची रात्र कारण आहे.

माझा थोरला नातू तेव्हा वीस महिन्यांचा होता. मुंबईहून आलेल्या आमच्या भाच्याने त्याच्यासाठी एक प्लॅस्टिकचा नाताळबाबा आणला होता. त्याचे पोट दाबले की तो डोलत डोलत गात असे. भाच्याला दुसऱ्या दिवसापर्यंत धीर धरवेना, म्हणून भेट आदल्या संध्याकाळीच उघडली गेली. नातवाने ते पोट किती वेळा दाबले याची गणती नाही. आमचे हे तर शेवटी कानात कापूस घालून बसले. साडेआठच्या सुमारास घरात एकाएकी शांतता झाली. प्रथम सर्वांना बरे वाटले. मग सूनबाईने नाताळबाबाला उचलून उलटा केला, तर त्याच्या तळाचे झाकण निघालेले आणि आतला खाचा रिकामा. झाकणाला स्क्रू नव्हता, नखाने उघडेल अशी नुसती खाच होती, आणि आत बसणारा चपटा सेल रुपयाच्या नाण्यापेक्षा किंचित लहान होता.

नातू टेबलाखाली बसून काहीतरी चघळत होता. ‘आ कर बाळा,’ म्हटल्यावर त्याने मोठ्या अभिमानाने तोंड उघडून भिजलेला शंकरपाळा दाखवला. ‘गोल गोल कुठे गेलं?’ असे विचारले, तर म्हणाला, ‘गेलं.’ आता त्या काळात त्याच्या दृष्टीआड झालेली प्रत्येक वस्तू, मग ती चंद्र असो, मांजर असो की कामावर निघालेला बाप असो, ‘गेलं’ याच एका शब्दात बसत असे. तरी सूनबाईने पुन्हा विचारले, ‘कुठे गेलं रे?’ तेव्हा त्याने दोन्ही हात स्वतःच्या पोटावर ठेवले आणि पोट दाबले.

श्रोतेहो, त्या क्षणी घरात जो आकांत झाला, तो मी तुम्हाला सांगू शकत नाही. त्याच वेळी नाताळची गाणी म्हणणारी मंडळी अंगणात येऊन उभी राहिली होती आणि रेव्हरंड टिळकांचे भजन नुकतेच सुरू झाले होते. ढोलकी वाजवणाऱ्या मुलाकडे गाडी होती; त्याने ढोलकी तुळशीच्या कट्ट्यावर ठेवली आणि आम्हाला थेट रुग्णालयात नेले. (हो, आमच्या अंगणात तुळस आहे, माझ्या सासूबाईंनी लावलेली आहे, आणि सर्दीखोकल्याला सगळी आळी तिचीच पाने नेते.) डॉक्टरांनी मानेपासून पोटापर्यंत एक्स-रे काढला. गिळलेले नाणे चित्रात साध्या गोल चकतीसारखे दिसते, आणि सेल असेल तर कडेच्या आत आणखी एक कडा दिसते, हे मला त्या रात्री कळले. अन्ननलिकेत अडकलेला सेल थुंकीच्या ओलाव्याने काम करू लागतो, त्याच्याजवळ क्षार तयार होतो आणि दोन तासांच्या आत आतली त्वचा खोलवर भाजू शकते, हेही तेव्हाच कळले. खेळण्यातला सेल संपलेला असला तरी हा धोका टळत नाही. म्हणून असा संशय आला तर उलटी काढण्याच्या भानगडीत न पडता, सकाळची वाट न पाहता, तत्काळ रुग्णालयात जावे. तत्काळ, हा शब्द मी पुन्हा उच्चारते.

एक्स-रेमध्ये एकही कडा नव्हती, ना एकेरी ना दुहेरी. अकरा वाजून गेल्यावर आम्ही घरी आलो. मध्यरात्रीची उपासना चुकली ती चुकलीच. सेल गिळलेला नाही, म्हणजे तो घरातच आहे, या विचाराने आम्ही पिठाचे डबे उपसले, गाद्या झटकल्या आणि केरसुणीच्या काड्याही विस्कटून पाहिल्या. तो मिळाला नाही.

तो मिळाला 6 जानेवारीला, गव्हाणीचा देखावा आवरताना, आणि तोही मुंग्यांच्या कृपेने. त्यांची एक रांग भिंतीवरून उतरून मेंढपाळांच्या पायांजवळून सरळ गव्हाणीत चढत होती. बाळ येशूची मूर्ती उचलून खालचे गवत बाजूला केले, तर तेथे अर्धा शंकरपाळा, सूनबाईची आठवडाभर हरवलेली केसाची पिन आणि तो सेल, अशा तीन वस्तू नीट ठेवलेल्या होत्या. ‘बाळ येशूच्या दर्शनाला आलेल्या मागी लोकांनी सोने, ऊद आणि गंधरस अशी तीनच दाने आणली होती,’ असे आमचे हे म्हणाले आणि पहिल्यांदाच सगळे हसले. पोट दाबण्याचे कोडेही मग उलगडले. तो आम्हाला उत्तर देत नव्हता. नाताळबाबा पोट दाबल्यावर गातो, म्हणून तो स्वतःचे पोट दाबून काही वाजते का ते पाहत होता.

या गोष्टीत वेळ बराच गेला, म्हणून उरलेले थोडक्यात सांगते. आपल्या देशात 1 जानेवारी 2021पासून चौदा वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचे झाले आहे. ते पाहून घ्यावे. सेलचे झाकण स्क्रूने बंद आहे ना, हे दुकानातच उलटून पाहावे. लोहचुंबकाचे सुटे तुकडे आणि न फुगवलेले फुगे या वयाच्या हाती देऊ नयेत. मोबाइल किंवा टॅबलेट ही या वयाची भेटच नव्हे. दोन वर्षांखालील मुलाला पडदा मुळीच दाखवू नये, असे जागतिक आरोग्य संघटनेने 2019 साली सांगितले आहे. ते न सांगताही आपल्याला कळायला हवे होते, पण घास भरवताना आपल्याला मोबाइल सोयीचा पडतो.

मग द्यावे काय? या वयाच्या मुलाला भरणे, ओतणे, आत टाकणे आणि ढकलणे एवढेच करायचे असते. गव्हाणीत वस्तू ठेवणारा आमचा नातू तेच करत होता. भांडी बाजारात एकात एक बसणारे स्टीलचे पाच डबे मिळतात, ज्यांच्या कडा वळवलेल्या असतात. ती उत्तम भेट आहे. जाड पुठ्ठ्याच्या पानांचे चित्रांचे पुस्तक द्यावे. कपडे द्यायचे असतील तर वाढत्या अंगाचे द्यावेत, मग आई कितीही नाक मुरडो.

आमची धाकटी नात आता चौदा महिन्यांची आहे आणि भिंतीला धरून चालते. तिच्यासाठी मी पंचवटीतल्या एका सुताराकडे पांगुळगाडा सांगितला आहे. ज्यात मुलाला मधोमध बसवतात तो चाकांचा वॉकर नव्हे. बालरोगतज्ज्ञ त्याला नको म्हणतात, कारण त्यातून मूल भलत्या वेगाने जिन्यापर्यंत पोहोचते. मला हवा आहे तो उभे राहून मागून ढकलायचा, जुना लाकडी गाडा. ती काठ चावणार हे गृहीत धरून त्याला रंग लावू नका, फक्त पॉलिश पेपरने कोपरे घासून गोल करा, असे मी सांगितले. सुताराने एकच प्रश्न विचारला, ‘आजी, चाकांना खडखड लावू का बिनआवाजाची ठेवू?’ सूनबाई म्हणाली बिनआवाजाची. मी म्हटले, खडखड लावा, चांगली मोठी लावा. शांतता झाली की काय होते ते या घराने पाहिले आहे. गाडा 23 तारखेला मिळणार आहे.