लू चालते तेव्हा

मंडळी, पुण्या-मुंबईकडचे पाहुणे मे महिन्यात ग्वाल्हेरला आले की इथल्या उन्हाला घाबरतात. मला अधिक काळजी वाटते ती वाऱ्याची. एप्रिल ते जून, दुपारभर, थरच्या वाळवंटाकडून येणारी ही लू माणसाला फसवते, आणि ती कशी फसवते हेच मला आज सांगायचं आहे.

आपली त्वचा साधारण ३५ अंशांवर असते. हवा त्याहून गार असली तर वारा अंगातली उष्णता काढून नेतो. हवा ४५ अंशांवर गेली की तोच वारा आपल्याला तापवतो, आणि मग आधार उरतो तो फक्त घामाचा. एक लिटर घाम वाळताना सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. भर दुपारी राबणाऱ्या माणसाचा ताशी लिटरभर घाम सहज जातो. मुंबईत तो शर्टावर दिसतो, निथळतो, माणूस आपणहून पाणी मागतो. इथे घाम येता येताच वाळतो. अंग कोरडं, शर्ट कोरडा. ‘मला तर घामच येत नाही’ असं लोक मला सांगतात, आणि लघवी मात्र गडद पिवळी झालेली असते. लघवीचा रंग बघत जा. म्हातारपणी तहानही बोथट होते, म्हणून आजी-आजोबांना ‘पाणी हवंय का’ असं विचारू नका, पेला हातात द्या. ब्लडप्रेशरसाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर उन्हाळ्याआधीच डॉक्टरांशी बोलून घ्या. मीठ घातलेलं कैरीचं पन्हं उत्तम; मधुमेह असेल त्यांनी ताक घ्यावं. दारावर येणाऱ्या भाजीवालीलाही ते द्या, तिला दुपार टाळता येत नाही.

ग्वाल्हेरच्या लश्कर भागातल्या जुन्या वाड्यांत पश्चिमेच्या दारांना वाळ्याचे पडदे लावून त्यांवर पाणी मारत. पाणी वाळतं आणि हवा गार होते, घामाचंच हे तत्त्व. कूलरही तेच करतो. पण खोली बंद करून कूलर लावला की आत दमटपणा साचतो आणि गारवा संपतो. समोरची खिडकी थोडी उघडी ठेवा, हे मी घरोघरी सांगत असतो.

संध्याकाळच्या आँधीमागेही हेच असतं. ढगातला पाऊस खालच्या कोरड्या हवेत वाटेतच वाळतो, ती हवा गार आणि जड होऊन जमिनीवर कोसळते, चहूकडे पसरते आणि धुळीची भिंत उभी करते. आकाश पिवळट-तांबूस दिसलं की कूलर बंद करा, नाहीतर तो सगळी धूळ आत ओढतो. दमा असलेल्यांनी आतच थांबावं. नंतर झाडू मारू नका, ओल्या फडक्याने पुसा.

आता सगळ्यात गंभीर गोष्ट. लू लागलेला माणूस असंबद्ध बोलू लागला, त्याचा तोल जाऊ लागला, अंग भाजत असलं, तर हा उष्माघात आहे. ताप समजून पॅरासिटामॉल देऊ नका, त्याचा इथे उपयोग नाही. सावलीत न्या, कपडे सैल करा, १०८ ला फोन करा. बेशुद्ध असेल तर तोंडात पाणी घालू नका. अंगभर पाणी शिंपडा, जोरात वारा घाला, आणि ॲम्ब्युलन्स दारात येईपर्यंत हे थांबवू नका.