चौथ्या क्रोमोझोमच्या टोकावरचं जीन

आज मी एकाच जीनबद्दल बोलणारे. माणसात प्रोटीन बनवणारी वीसेक हजार जीन्स आहेत, त्यातलं हे एक, चौथ्या क्रोमोझोमच्या जवळजवळ टोकाला असलेलं. मुद्दाम एकच घेतलंय, कारण आता एका टेस्टमध्ये अख्खा जीनोम वाचून मिळतो, त्यामुळे "जीन सापडलं" ही बातमी आपण वाचतो आणि पुढे जातो, त्यामागे काय काम असतं ते लक्षातच येत नाही. आणि दुसरं कारण म्हणजे ते काम लॅबमध्ये सुरू होण्याआधी कुणाच्या तरी घरात सुरू झालेलं असतं, ते मला सांगायचंय.

हे जीन बिघडलं की जो आजार होतो तो म्हणजे हंटिंग्टन्स डिसीज. आईला किंवा वडिलांना असेल तर प्रत्येक मुलाला तो होण्याची शक्यता ५० टक्के. बहुतेकांना तो तिशी ते पन्नाशीच्या दरम्यान सुरू होतो, म्हणजे तोवर लग्न झालेलं असतं, मुलं झालेली असतात, आणि मग हातपाय आपोआप हलायला लागतात, स्वभाव पार बदलतो, विचार करणं अवघड होत जातं आणि साधारण १५-२० वर्षांत माणूस जातो. १९७० च्या दशकात या आजाराबद्दल एवढंच नीट माहीत होतं की तो घराण्यातून येतो. मेंदूत कुठलं प्रोटीन बिघडलंय, काही पत्ता नाही. मग ज्या जीनचं काम माहीत नाही ते शोधायचं कसं?

त्याची जागा शोधायची. आधी जागा, मग जीन, मग काम, असा उलटा प्रवास.

आता जागा कशी कळते ते बघा. बीजांड किंवा शुक्राणू तयार होताना आईकडून आलेलं आणि वडिलांकडून आलेलं क्रोमोझोम एकमेकांशी तुकड्यांची अदलाबदल करतात. एकाच क्रोमोझोमवरच्या दोन जागा जवळजवळ असतील तर त्या बहुतेक वेळा एकत्रच पुढच्या पिढीत जातात, लांब असतील तर मध्येच कुठेतरी अदलाबदल होऊन त्यांची ताटातूट होते. म्हणजे ताटातूट किती वेळा होते हे मोजलं की अंतर कळतं. फळमाशीवर काम करणारे अमेरिकन शास्त्रज्ञ थॉमस हंट मॉर्गन यांच्या लॅबमधला विद्यार्थी आल्फ्रेड स्टर्टेव्हंट याला हे १९११ मध्ये सुचलं आणि १९१३ मध्ये त्याने फळमाशीच्या सहा जीन्सचा पहिला नकाशा छापला, तेव्हा डीएनए कसा दिसतो हेसुद्धा कुणाला माहीत नव्हतं! मला विचाराल तर जीवशास्त्रातल्या सगळ्यात सुंदर कल्पनांपैकी ही एक आहे.

पण फळमाश्यांची पैदास हवी तशी करता येते, माणसांची नाही. माणसांत जी कुटुंबं आहेत त्यांचाच अभ्यास करायचा. शिवाय ज्यांच्याशी तुलना करायची अशा ओळखीच्या जागाच माणसाच्या क्रोमोझोमवर फार थोड्या होत्या. रंगांधळेपणाचं जीन एक्स क्रोमोझोमवर आहे हे १९११ मध्येच कळलं होतं, कारण तो मुलांमध्ये कसा येतो ते बघूनच ओळखता येतं. बाकीच्या क्रोमोझोम्सवर पहिलं जीन बसवायला १९६८ उजाडलं, ते डफी रक्तगटाचं, पहिल्या क्रोमोझोमवर.

१९८० मध्ये बॉटस्टीन, व्हाइट, स्कॉल्निक आणि डेव्हिस या चौघांनी सुचवलं की जीन्सची वाट कशाला बघायची, माणसामाणसांच्या डीएनएमध्ये अक्षरांचे, म्हणजे ए, टी, जी, सी या चार रासायनिक घटकांचे, असंख्य फरक असतातच, विशिष्ट एन्झाइमने डीएनए कापला की त्या फरकांमुळे तुकड्यांची लांबी कमीजास्त येते, तर हेच फरक मैलाच्या दगडांसारखे वापरा. मार्कर म्हणतात ते हेच. मार्करने आजार होत नाही, तो फक्त तिथे असतो, पण आजार आणि मार्कर पिढ्यान्‌पिढ्या बरोबर जाताना दिसले की समजायचं, आपण जवळ आलोय.

यासाठी लागतं मोठं कुटुंब. व्हेनेझुएलात माराकाइबो सरोवराच्या काठच्या वस्त्यांमध्ये हा आजार प्रचंड प्रमाणात होता, अमेरिको नेग्रेते या तिथल्याच डॉक्टरांनी १९५० च्या दशकातच ते ओळखलं होतं. अमेरिकन संशोधक नॅन्सी वेक्सलर १९७९ मध्ये तिथे पोचल्या आणि नंतर वर्षानुवर्षं जात राहिल्या, घराघरात बसून कोण कुणाचं कोण हे लिहून घेत, आणि ती वंशावळ पुढे १८ हजारांहून जास्त माणसांची झाली. वेक्सलर यांच्या स्वतःच्या आईला हा आजार होता, म्हणजे त्यांनाही ५० टक्के शक्यता होती, आणि त्यांनी हे तिथल्या लोकांना सांगितलं. लोकांनी रक्त दिलं. ती माणसं गरीब होती, त्या रक्ताच्या बदल्यात त्यांच्या हयातीत औषध मिळेल याची कुणी खात्री दिली नव्हती, तरी दिलं. या संशोधनातला सगळ्यात मोठा वाटा मी त्यांचाच मानतो.

बॉस्टनला जेम्स गुसेला हे संशोधक त्या रक्तातल्या डीएनएवर मार्कर तपासत होते. शेकडो मार्कर लागतील असा अंदाज होता आणि पहिल्या डझनभरातच जी-८ नावाचा मार्कर जुळला. इथे जुळला म्हणजे काय ते सांगतो. लॉड स्कोअर नावाचा आकडा काढतात, तो ३ आला तर हा निव्वळ योगायोग असण्यापेक्षा खरंच शेजारी असण्याच्या बाजूने पुरावा हजारपट भक्कम आहे असं धरतात. १९८३ च्या पेपरमध्ये तो ८.५३ होता, म्हणजे ३३ कोटींहून जास्त पट. माणूस आणि उंदीर यांच्या पेशी एकत्र करून बनवलेल्या संकरित पेशींमध्ये कुठलं मानवी क्रोमोझोम टिकलंय ते बघून जी-८ चौथ्या क्रोमोझोमवर आहे हेही ठरलं.

सगळ्यांना वाटलं आता झालंच. पुढे दहा वर्षं गेली.

का? जी-८ आणि आजाराचं जीन यांची शंभरात चारेक वेळा ताटातूट होते, एवढं जवळ म्हणजे प्रत्यक्षात लाखो अक्षरांचा पट्टा, आणि तेव्हा तो तुकड्यातुकड्याने क्लोन करून, म्हणजे त्याच्या प्रती बनवून, वाचावा लागायचा. त्यात कुटुंबंच एकमेकांच्या विरुद्ध सांगत होती. काही कुटुंबांतल्या ताटातुटी म्हणत होत्या जीन अगदी क्रोमोझोमच्या शेवटाला आहे, काही म्हणत होत्या आणखी आत. कित्येक जण टोकाकडे खणत राहिले. १९९२ च्या सुमारास वेगवेगळ्या घराण्यांतल्या बऱ्याच रुग्णांमध्ये आतल्या बाजूच्या मार्करांचा एकच संच सारखा येतोय हे दिसलं आणि शोध साधारण पाच लाख अक्षरांपर्यंत खाली आला. सहा गट, ५८ संशोधक, आणि १९९३ मध्ये जीन सापडलं ते एकत्रित गटाच्या नावाने छापलं, कुणा एकाच्या नाही.

बिघाड काय होता? सी-ए-जी ही तीन अक्षरं लागोपाठ किती वेळा येतात, बस. २६ पर्यंत असली तर काही नाही, ४० किंवा जास्त असली तर पूर्ण आयुष्य मिळाल्यास आजार होणार, मधल्या भागात ३६ ते ३९ ला होईलही किंवा नाहीही. आणि आकडा जितका मोठा तितका आजार साधारण लवकर.

जीन सापडल्यावर टेस्ट सोपी झाली, उपचार मात्र आला नाही. धोका असलेल्या बहुतेकांनी टेस्ट करून घेतलीच नाही, आणि मला ते पूर्ण समजतं, काही करता येत नसताना स्वतःचं पुढचं जाणून घ्यायचं की नाही हा निर्णय त्या माणसाचाच. तो घेण्याआधी समुपदेशन हवंच, यात तडजोड नको. वेक्सलर यांनी २०२० मध्ये जाहीरपणे सांगितलं की त्यांनाही हा आजार झालाय.

कुणाला वाटेल, नकाशाचं काम तिथे संपलं. नाही. सी-ए-जीचा आकडा सारखाच असलेल्या दोन माणसांत आजार सुरू होण्याच्या वयात बरीच वर्षं फरक पडतो, तो का, हे शोधायला हजारो रुग्णांचा जीनोम पुन्हा मार्करांनीच तपासला गेला आणि २०१५ मध्ये पंधराव्या क्रोमोझोमवर फॅन-१ या जीनकडे बोट गेलं. ते डीएनएच्या दुरुस्तीचं जीन आहे. नंतर दुरुस्तीचीच आणखी जीन्स सापडली, आणि त्यातून दिसायला लागलं की सी-ए-जीची ती माळ जन्मानंतरही मेंदूच्या पेशींमध्ये वाढत जाते आणि तिच्या वाढण्याचा वेग आजाराचं वय ठरवतो. म्हणजे ती वाढ रोखली तर आजार लांबवता येईल का, यावर आता लॅब्समध्ये काम चाललंय.