नागपूर ते मुंबई : पाखराचं अंतर आणि आपलं अंतर

(हिंगणघाट तालुक्यातल्या एका गावच्या वाचनालयात दिलेलं व्याख्यान, थोडं संपादित करून.)

मंडळी, आठवीतल्या एका मुलीनं मला विचारलं, "सर, नागपूर-मुंबई अंतर खरं किती?" तिला तीन आकडे सापडले होते. रेल्वेनं 837 किलोमीटर, समृद्धी महामार्ग 701 आणि विमानानं 680 च्या आसपास. मी म्हटलं, बाई, तिन्ही खरे. बंडी पांदणीनं वळसा घेते, माणूस धुऱ्याधुऱ्यानं जातो आणि पाखरू वावरावरून सरळ उडतं. समृद्धी तर मुंबईच्या अलीकडेच, भिवंडीजवळ आमण्याला संपतो.

पाखराचं अंतर घरी काढता येतं, पोरांनो. नागपूर मुंबईच्या 2 अंश उत्तरेला आहे. एका अंशाचे 111 किलोमीटर, म्हणजे 222. पूर्वेला ते सुमारे 6.2 अंश आहे. ध्रुवाकडे रेखावृत्तं जवळ येत जातात, म्हणून आपल्याकडे या अंशाचे 104 च धरायचे. झाले 645. आता दोन्हींचे वर्ग, बेरीज, वर्गमूळ. उत्तर 682 येतं. पायथागोरस शाळेत का शिकवतात, ते इथं कळतं.

पण हे अक्षांश-रेखांश पहिल्यांदा इतके काटेकोर मोजले कोणी? त्यातला एक माणूस आपल्याच मातीत झोपलाय. विल्यम लॅम्बटन. 1802 साली त्यानं मद्रासजवळ साखळीनं एक सरळ रेषा मोजली. त्रिकोणाची एक बाजू आणि दोन कोन कळले की उरलेल्या बाजू गणितानं निघतात. त्रिकोणाला त्रिकोण जोडत, अर्ध्या टनाचं कोनमापक यंत्र ओढत तो उत्तरेकडे सरकत राहिला. वीस वर्षं! नागपूरच्या वाटेवर असताना 1823 च्या जानेवारीत हिंगणघाटला त्यानं देह ठेवला. त्याची कबर तिथंच आहे आणि आपल्यातल्या बहुतेकांनी ती पाहिलेली नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

आता वेळेचं. ताशी 800 किलोमीटर धरले तर 682 किलोमीटरला 51 मिनिटं लागतात. तिकिटावर मात्र दीड तासाच्या आसपास असतो. कारण तिकिटावरची वेळ विमान जागचं हलल्यापासून पुन्हा उभं राहीपर्यंतची. धावपट्टीपर्यंत जाणं, चढणं, उतरणं, सगळं त्यात आलं. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे दोन्ही एकाच वेळी चालवता येत नाहीत आणि गर्दीत विमानांना वर घिरट्या घालाव्या लागतात. शिवाय हिवाळ्यात उंचावर पश्चिमेचा वारा जोरात असतो. जाताना तो तोंडावर येतो, येताना पाठीवर. म्हणून परतीचा प्रवास बहुधा लवकर होतो.

माझ्या आईला उपचारासाठी मुंबईला नेलं, तेव्हा पहाटे चारला घर सोडलं. फाट्यापर्यंत शेजाऱ्याच्या मोटारसायकलवर, मग जाम, बुटीबोरी करत येष्टी. सोनेगावचा विमानतळ वर्धा रोडलाच आहे, म्हणून शहरात शिरावं लागलं नाही, एवढंच बरं. मुंबईत दवाखान्याच्या दारात पोचलो तेव्हा दुपारचे दोन वाजले होते. दहा तासांत दीड तास आकाशातला, बाकी सगळा जमिनीवरचा. आईला सगळ्यात जास्त त्रास झाला तो घरापासून फाट्यापर्यंतच्या तीन किलोमीटरांत. विमानतळ मोठा होतोय, चांगलंच आहे; पण ग्रामसभेत त्या तीन किलोमीटरांची मागणी आपणच लावून धरली पाहिजे.

येत्या रविवारी मुलांना घेऊन लॅम्बटनच्या कबरीकडे जातोय. येताना कंपासपेटी आणि लांब दोरी आणा. परतल्यावर पाण्याच्या टाकीची उंची टाकीवर न चढता मोजू.