कातीच्या महिन्यातलं वर्तमानपत्र

अध्यक्ष महाशय आणि मंडळी,

राधागोविंद बरुआ हे नाव आपल्यापैकी किती जणांच्या कानावर आलं असेल, मला शंकाच आहे. गुवाहाटीत त्यांच्या नावाचा मोठा रस्ता आहे. या गृहस्थांनी 1939 साली जोरहाटजवळच्या बागचुंगहून 'द आसाम ट्रिब्यून' हे इंग्रजी पत्र सुरू केलं. ते पुढे गुवाहाटीला आलं. 1965 मध्ये त्याच घरातून 'दैनिक असम' हे असमिया दैनिक निघालं. आणि याच बरुआंनी 1952 मध्ये गुवाहाटीच्या लताशिल मैदानावर बिहू या असमिया सणाचा मंच उभारण्यात पुढाकार घेतला.

पेपर चालवणाऱ्या माणसाला सणाची उठाठेव कशाला, असं निदान आपण तरी विचारू नये. 'केसरी'च्या संपादकांनी गणेशोत्सवाला घरातून चौकात आणलं, ते आपल्याच गावात. पण टिळकांपुढे परकं सरकार होतं. बरुआंपुढे होतं नुकतं वाढायला लागलेलं शहर. तिथं राहायला आलेल्या माणसाचं शेत मागे गावी राहिलं होतं, गोठा नव्हता, अंगणही नव्हतं. मग बिहू करायचा कुठे?

जरा मागे जातो. 1836 मध्ये आसामच्या कचेऱ्यांत आणि शाळांत बंगाली आली, आणि 1873 पर्यंत राहिली. असमिया ही बंगालीचीच गावठी बोली आहे, असं सांगणारे लोक तेव्हा होते. अशा दिवसांत, जानेवारी 1846 मध्ये, शिवसागरच्या अमेरिकन बाप्टिस्ट मिशनऱ्यांनी 'अरुणोदइ' हे असमिया मासिक काढलं. त्यांना धर्मप्रचार करायचा होता, त्यात लपवण्यासारखं काही नाही. पण प्रचार लोकांच्या तोंडच्या भाषेत केला, म्हणून ती भाषा छापली गेली. आनंदराम ढेकियाल फुकन यांच्यासारख्या तरुण असमिया लेखकाला लिहायला जागा मिळाली. आपल्या बाळशास्त्रींनी 1832 मध्ये 'दर्पण' काढलं, तेव्हा त्यांच्या अडचणी काय कमी होत्या? पण मराठी ही स्वतंत्र भाषा आहे, हे काही त्यांना कोणाला पटवून द्यावं लागलं नाही. आसामात छापील कागदानं आधी हे काम केलं, बातमी देणं नंतर आलं.

दैनिक यायला 1935 साल उजाडलं. शिवप्रसाद बरुआ या चहामळेवाल्यानं जोरहाटजवळच्या ठेंगाल गावातून 'दैनिक बातरि' काढलं. ते फार वर्षं चाललं नाही. तरी पहिलं असमिया दैनिक एका खेड्यातून निघालं, हे मला फार आवडतं. मासिकात निबंध येतो, कविता येते. तांदळाचा भाव आणि नदीची पातळी मासिकात छापून काय उपयोग? त्याला रोजचाच कागद लागतो.

आता बिहू. आपल्याकडे बिहू म्हटलं की लाल काठाच्या मेखला-चादरीतल्या मुली आणि ढोल, एवढंच चित्र येतं. बिहू तीन आहेत, आणि तिन्ही भातशेतीच्या वेळापत्रकावर बसवलेले आहेत. एप्रिलच्या मध्यात बोहाग किंवा रंगाली बिहू, म्हणजे वर्षारंभ आणि शेतीच्या कामांची सुरुवात. ऑक्टोबरच्या मध्यात काती किंवा कंगाली. जानेवारीच्या मध्यात, कापणी आटोपल्यावर, माघ किंवा भोगाली.

बोहाग बिहूचा पहिला मान माणसाचा नाही, गुरांचा. असमिया पंचांगातल्या चैत्राच्या शेवटच्या दिवशी गोरू बिहू असतो. गुरं नदीवर किंवा तळ्यावर नेतात, उडीद आणि हळद वाटून अंगाला लावतात, दिघलतीच्या डहाळीनं हलकेच झोडतात, दुधीभोपळ्याच्या आणि वांग्याच्या फोडी त्यांच्या अंगावर टाकतात. तेव्हा म्हणायचं गाणं असं: दुधी खा, वांगं खा, वर्षावर्षाला वाढत जा, आई तुझी लहान, बाप तुझा लहान, तू मात्र मोठा बैल हो. पोळ्याला बैलाच्या खांद्याला तूप-हळद चोळणाऱ्या माणसाला हे गाणं समजावून सांगायला नको. दुसऱ्या दिवशी माणसांचा बिहू. घरच्या मागावर विणलेला गामोसा, म्हणजे पंचा, वडीलधाऱ्यांना द्यायचा, पाया पडायचं. मग हुसोरीची टोळी ढोल, पेपा आणि टका, म्हणजे बांबूची टाळी, घेऊन घरोघर फिरते, अंगणात गाते, नाचते आणि निघताना त्या घराला आशीर्वाद देते. पेपा म्हणजे म्हशीच्या शिंगाचं वाद्य. त्याचा आवाज सभ्य अजिबात नाही, हे त्याचं कौतुक म्हणून सांगतोय.

आणि नेमकं हेच शिकलेल्या असमिया लोकांतल्या काहींना एकेकाळी खुपत होतं. बिहूगीतं शृंगारिक, नाच रांगडा, भल्या घरच्या मुलींनी त्यात जाऊ नये, अशी त्यांची भूमिका. लताशिलचा मंच आला आणि ही लाज हळूहळू गेली. मंचाचं हे श्रेय मी कमी लेखणार नाही. एप्रिल 2023 मध्ये गुवाहाटीच्या सरुसजाई स्टेडियममध्ये 11 हजारांहून अधिक कलाकारांनी एकत्र बिहू सादर केला आणि त्याची विश्वविक्रम म्हणून नोंद झाली.

पण हुसोरीचा आशीर्वाद एका घराला असतो. हजारोंच्या स्टेडियममध्ये तो कोणाला द्यायचा? मंचावर निवेदक आला, वेळेची मर्यादा आली, स्पर्धा आली, 'बिहू राणी' आली. अंगणात पाहणारा कोण आणि नाचणारा कोण, हे ठरलेलं नसतं. मंचासमोर ते खुर्च्यांनीच ठरवून टाकलं. वर्तमानपत्राला अर्थात मंच सोयीचा, कारण तिथे फोटो मिळतो.

माघ बिहूचं फार सांगत नाही. उरुकाच्या, म्हणजे बिहूच्या आदल्या, रात्री बांबू आणि पेंढ्याचं भेलाघर, तिथं सामुदायिक जेवण, पहाटे मेजी, म्हणजे रचलेली होळी, पेटवायची, मग पिठा, म्हणजे तांदळाच्या पिठाचे पदार्थ, आणि तिळाचे लाडू. आपली संक्रांत त्याच सुमारास असते, तिळापुरती ओळख लगेच पटेल. म्हशींच्या झुंजी हा त्यातला वादाचा भाग. डिसेंबर 2023 मध्ये राज्य सरकारनं नियमावली करून त्यांना परवानगी दिली, आणि वर्षभरानं गुवाहाटी उच्च न्यायालयानं ती नियमावली रद्द केली. बैलगाडा शर्यतींवर आपण काय काय ऐकलंय ते आठवा. सण स्वतःवर प्रश्न विचारत नाही, आणि सणानं विचारावा अशी माझी अपेक्षाही नाही. तो पेपरनं विचारायचा असतो, अगदी वाचक रागावले तरी.

आता ज्यासाठी मी एवढं बोलतोय तो बिहू. काती. याला ढोल नाही, मेजवानी नाही, मंच तर नाहीच. भरालात, म्हणजे धान्याच्या कोठारात, जुनं भात संपत आलेलं, नवं अजून शेतात हिरवं उभं. म्हणून कंगाली. संध्याकाळी तुळशीशी दिवा, कोठाराशी दिवा, शेतात दिवा. काही ठिकाणी उंच बांबूवर आकाशबंती टांगतात. दिवाळीतला आपला आकाशकंदील डोळ्यांसमोर आणा. शेतकरी बांधावर उभा राहून पिकावरची कीड जावी म्हणून मंत्र म्हणतो. एवढाच सण.

या सणाचा फोटो काढायला कोण जाणार? आणि पेपरची खरी गरज तर याच महिन्यात. ब्रह्मपुत्रेचा पूर जूनपासून सप्टेंबरपर्यंत येऊन गेलेला असतो. निमातीघाट, तेजपूर, धुबरी इथल्या पाण्याच्या पातळ्या तेव्हा रोज छापून येतात. नदीतल्या माजुली बेटाचा किनारा खचला की त्याचीही बातमी होते. ऑक्टोबरात पाणी उतरतं आणि बातमीही उतरते. पण ज्याच्या शेतात वाळू बसली, त्याचा माघ बिहू कसा होणार, ते त्याच महिन्यात ठरत असतं. बोहागाला पेपर नसला तरी चालेल, गावाला ढोल ऐकू येतो. जुलैत फुटलेल्या बांधाची बातमी जुलैत सगळेच देतात. तो बांध पुन्हा बांधला का, कितपत पक्का बांधला, बुडालेल्या भाताची भरपाई कोणाच्या हातात पडली, हे कातीच्या आठवड्यात आतल्या पानावर चार ओळींत का होईना छापणारा स्थानिक वार्ताहर मला विश्वविक्रमाच्या पहिल्या पानापेक्षा मोठा वाटतो. त्याला बातमीमागे पैसे किती मिळतात, या प्रश्नाकडे मी आता येतो, कारण तो आसामात आणि आपल्या तालुक्यात सारखाच अवघड आहे. पण त्याला अर्धा तास लागेल, आणि अध्यक्षांनी मघाशीच घड्याळ दाखवलंय. तेव्हा ते प्रश्नोत्तरांत घेऊ.